परांजपे सर आणि आमचा नवा कोच

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथी झाली आणि शाळा सुटली, त्यानंतर किराण्याच्या यादीपलीकडे फारसं लिहिलं नाही. कुणी हे वाचलंच तर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घालाव्यात. ओळी वर-खाली गेल्या असतील, कारण भाजी शिजेपर्यंत ओट्याशी उभी राहून लिहिते आहे. नवऱ्याला ठाऊक नाही, लेकीलाही नाही. पण परांजपे सरांबद्दल बोलायला गेले की मला एक तर राग येतो नाही तर रडू, आणि दोन्ही वेळा बोलणं अर्धं राहतं. म्हणून लिहिते.

सर फुटबॉलची मॅच बघायला घडीचं स्टूल घेऊन यायचे आणि आपल्या लोकांत न बसता समोरच्या संघाच्या गोलामागे जाऊन बसायचे. मध्यंतरात संघांच्या बाजू बदलतात, तेव्हा सरही स्टूल उचलून मैदानाला वळसा घालून पलीकडच्या गोलामागे जायचे. सत्तरीला आलेला माणूस, डोक्याला कानटोपी, एका हातात स्टूल, दुसऱ्या हातात चहाचा थर्मास. जपानी पालक एकमेकांना खुणावून हसायचे. सरांना त्याचं काही नसे. म्हणायचे, "शत्रूच्या दारात बसावं. म्हणजे आपली माणसं समोरून येताना दिसतात. पाठीमागून कुणीही शूर दिसतो."

ही मॅच म्हणजे काही मोठी नव्हे. आमची सोनल जपानात, टोकियोशेजारच्या चिबाकडच्या एका लहान कॉलेजात शिकत होती आणि तिथल्या मुलींच्या फुटबॉल संघात खेळत होती. तिचे वडील टोकियोतल्या निशी-कसाईत एका हॉटेलात आचारी आहेत. त्यांच्यामागून सोनलला घेऊन मी इकडे आले तेव्हा ती सात वर्षांची होती. आता मी मराठीत विचारते आणि ती जपानीत उत्तर देते, असा आमचा संसार चालतो. मी स्वतः डबे भरायच्या कारखान्यात जाते. पट्ट्यावरून डबे येतात, मी प्रत्येकात लोणच्याचा तुकडा ठेवते. तिथे बोलावं लागत नाही, म्हणून मला ते काम आवडतं.

एकदा सोनल नडगीला बांधायची पॅडं घरी विसरली, ती द्यायला मी पहिल्यांदा त्या मैदानावर गेले. पॅडं दिली आणि जाळीला टेकून उभी राहिले. बाकीच्या आया एकसारख्या चटया टाकून बसल्या होत्या, त्यांच्यात जायचा मला धीर होईना. खेळ सुरू झाला. समोरची एक मुलगी सोनलच्या पाठीमागून सटकली आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "अगं, मागं बघ की!"

गोलामागच्या स्टुलावरून आवाज आला, "नाही बघणार. मागे बघायला आमच्या कोचनं शिकवलेलंच नाही."

परक्या देशात, त्या वाऱ्यात, एवढी स्वच्छ पुणेरी मराठी ऐकून मी घाबरलेच. सरांनी थर्मासाच्या झाकणात चहा ओतला आणि पुढे केला. "घ्या. आलं घातलंय. तुमची मुलगी का ती चार नंबरची? हळू आहे. पण गोंधळत नाही. ते जास्त महत्त्वाचं."

सरांनी त्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलं होतं. कसलं संशोधन, ते मला त्यांनी दोनदा समजावलं आणि मला दोनदा कळलं नाही. प्रयोगशाळेच्या खिडकीतून मैदान दिसायचं, तेवढ्यावरून त्यांना या संघाचा लळा लागला. निवृत्त झाल्यावर ते संघाच्या पाठीराख्यांच्या मंडळाचे चिटणीस झाले. बायको वारलेली, मूलबाळ नाही, इचिकावात एकटे राहायचे. त्या दिवसापासून ते आमच्या घरचे झाले. कॉलेजातून जपानी पत्र आलं की तेच वाचून सांगायचे. सोनलच्या फीची सवलत मागायला माझ्याबरोबर तेच आले, आणि तिथल्या साहेबापुढे माझी ओळख करून देताना म्हणाले, "या शालनताई. मुलगी जी काही आहे ती यांच्यामुळे." मी खाली बघत राहिले, पण ते वाक्य मी महिनोन्महिने मनात घोळवत होते. रविवारी आमच्याकडे भाकरी आणि ठेचा खायचे, घाम पुसत म्हणायचे, "शालनताई, तुमचा ठेचा जपान सरकारनं सीमेवरच अडवायला हवा होता."

संघ मात्र हरत होता. आधीच्या वर्षी स्पर्धेत एक गट खाली घसरला होता, यंदा आणखी खाली जायची वेळ आली. शेवटी म्हातारा कोच पाठदुखीचं कारण सांगून निघून गेला आणि नवा कोच कोण यावर वाद सुरू झाला. तिथली रीत अशी की एवढ्या लहान संघाचा कोच कॉलेज शोधत नाही. जुन्या खेळाडू, पालक आणि पाठीराखे मिळून नाव ठरवतात, कॉलेज त्यावर शिक्का मारतं.

हा वाद रविवारी दुपारी आमच्या ह्यांच्या हॉटेलात चालायचा, दुपारचं जेवण संपून रात्रीचं सुरू व्हायच्या मधल्या वेळात. स्टेशनजवळचे न्हावी सातो-सान, संघाच्या कर्णधार मुलीची आई नाकामुरा-सान, दोन-तीन जुन्या खेळाडू, आणि सर. मी पाणी भरायच्या निमित्तानं उभी असे. सर मला मधूनमधून मराठीत सांगत.

"मोठा कोच आणा," सातो-सान टेबलावर बोट आपटत म्हणायचे. "त्या कुरोदा-सानला आणा. मुलांच्या शाळेचा संघ त्यांनी कुठल्या कुठे नेला. आपल्या मुलींना हरायची सवय लागली आहे."

"मोठा कोच मोठे पैसे मागतो," नाकामुरा-सान म्हणाल्या. "तुम्ही केस कापायचे दर वाढवणार आहात का?"

"कुणाचे वाढवू? माझ्या गिऱ्हाइकांना आता केसच राहिले नाहीत."

सगळे हसले. आमचे हे आतून, कांदा चिरता चिरता ओरडले, "सर, तुम्हीच व्हा की कोच!"

"मी झालो तर पहिले सहा महिने मुलींकडून स्टूलच उचलून घेईन," सर म्हणाले. मग सगळ्यांकडे वळून जपानीत आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "हरणाऱ्या संघाला गोल मिळत नाहीत, पण सल्लागार रग्गड मिळतात."

दुसरं नाव होतं होसोकावा-सानचं. ती म्हाताऱ्या कोचची मदतनीस. तिशीतली, बुटकी, पूर्वीची गोलकीपर, डाव्या हाताचं एक बोट मोडून वाकडंच बसलेलं. पहाटेपासून एका बाजारात मासळी साफ करायची आणि दुपारी मैदानावर यायची. मैदानावरच्या मुली तिच्या अंगाला मासळीचा वास येतो म्हणून हसायच्या आणि तिलाच येऊन चिकटायच्या. तिनं सोनलला एकदा सांगितलं होतं, "तू हळू पळतेस. ते बदलणार नाही. मग दुसऱ्यांच्या आधी निघ." वर्षभर तिनं सोनलला तेवढंच शिकवलं, चेंडू कुठे जाणार ते आधी ओळखायला. माझी हळू लेक त्यामुळे संघात टिकली. नवा मोठा कोच पहिल्याच आठवड्यात तिला बाहेर बसवणार, हे मलाही कळत होतं.

त्या दिवशी सर सगळ्यांसमोर म्हणाले, "शालनताई, तुमचं मत सांगा."

त्याआधी मला कधी कुणी मत विचारलं होतं असं आठवत नाही. माझे कान तापले. मी मराठीतच म्हणाले, "होसोकावा-सान." सरांनी ते जपानीत सांगितलं आणि पुढे म्हणाले, "माझंही तेच." नाकामुरा-सान माझ्याकडे बघून हसल्या. सातो-सान नुसतेच हुंकारले.

पण कॉलेज फक्त येण्याजाण्याचं भाडं देणार होतं. होसोकावा-सानला मासळीचं काम सोडायचं तर वर्षभराचा खर्च मंडळानं उभा करायला हवा. सरांनी वर्गणी काढली. आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी मागितलं नाही, नुसतं सांगितलं. मीच उठले. चार वर्षं मी गावाकडे गेले नव्हते. आईला दिसेनासं झालं होतं, फोनवर म्हणायची, "मला तुझं तोंड दिसतंय तोवर येऊन जा." तिकिटासाठी मी कारखान्याच्या पगारातून बाजूला टाकत आले होते. ते सगळे पैसे मी सरांच्या हातात दिले. सर म्हणाले, "अहो, विचार करा." मी म्हणाले, "केला." आईला सांगितलं, पुढच्या वर्षी नक्की.

सर नेहमी सांगायचे, "जपानात सभा म्हणजे लग्न. देणंघेणं, मानपान, सगळं आधी घरोघर जाऊन ठरलेलं असतं. मांडवात फक्त अक्षता टाकायच्या." ते खरंही आहे. इथे कुणी सभेत उठून भांडत नाही. ज्याला काही करून घ्यायचं असतं तो आधी एकेकाच्या घरी जातो, चहा पितो, मन वळवतो. मला हे माहीत होतं आणि तरी मला कळलं नाही. मला वाटलं, हॉटेलात एवढं बोलणं झालं, सर आपल्या बाजूनं आहेत, म्हणजे ठरलंच. तरीसुद्धा सभेसाठी मी एक जपानी वाक्य पाठ केलं होतं. सोनलकडून दहादा म्हणून घेतलं होतं. "होसोकावा-सानला कोच करावं अशी माझी नम्र विनंती आहे." कारखान्यात डब्यांत लोणचं ठेवताना मी तेच पुटपुटत होते.

सभा वस्तीच्या सभागृहात झाली. चटईवर बसलो, गार चहा आला. मंडळाचे अध्यक्ष उभे राहिले आणि त्यांनी कुरोदा-सानचं नाव वाचलं. सगळ्यांनी माना हलवल्या. नाकामुरा-साननीही. कुणी दचकलं नाही. होसोकावा-सान मागे बसली होती, ती उठली, कमरेतून वाकली, आजवरच्या साथीबद्दल आभार मानून पुन्हा बसली. तिलाही ठाऊक होतं. माझं वाक्य तोंडातच राहिलं. चहा संपायच्या आधी सभा संपली.

बाहेर बूट घालताना मी नाकामुरा-सानना माझ्या मोडक्या जपानीत विचारलं, हे कधी ठरलं? त्यांना नवल वाटलं. "परांजपे-सान आमच्याकडे दोनदा येऊन गेले. सातो-सानबरोबर सगळ्यांकडे गेले. तुमच्याकडे आले नाहीत?"

सर सायकलींच्या ओळीजवळ उभे होते. मी गेले.

"सर, तुम्ही सगळ्यांकडे गेलात."

"शालनताई, ऐका. आणखी एक गट खाली गेलो तर कॉलेज संघच बंद करणार होतं. मला आतून कळलं. होसोकावा गुणी आहे, पण तिच्यानं हे निभावलं नसतं. कुरोदा निभावेल. मी संघ वाचवला."

"तुम्ही माझ्याकडे नाही आलात."

ते अगदी मायेनं म्हणाले, "तुम्ही तर आपल्याच. आपल्या माणसाला काय समजवायचं? मी गृहीत धरलं, तुम्ही समजून घ्याल."

ते खोटं बोलले नव्हते, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त त्रास झाला. नाकामुरा-सानना पटवायला दोनदा चहा प्यावा लागला, बाकीच्यांकडे घरोघर जावं लागलं. माझ्या घरी ते दर रविवारी जेवत होते, आणि सभेआधीच्या पंधरवड्यातल्या दोन्ही रविवारी जेवले. ठेच्याला नावं ठेवली, आणखी एक भाकरी मागून घेतली, आणि एक शब्द काढला नाही. माझं मत त्यांनी हॉटेलात सगळ्यांसमोर विचारलं होतं. ते घ्यायची गरज होती तेव्हा विचारलं नाही.

"माझे पैसे होसोकावा-सानसाठी होते," मी म्हणाले.

"वर्गणी एकच असते हो. ती कुरोदाकडे गेली. संघासाठीच गेली ना?"

मी घरी आले. हे म्हणाले, "जाऊ दे, सरांचे उपकार आहेत आपल्यावर." सोनलला विचारलं तर ती फोनमधून मान न काढता म्हणाली, "मो ई, मम्मी," म्हणजे पुरे आता. रात्री तिच्या खोलीतून नाक ओढल्याचा आवाज येत होता.

पुढचा आठवडाभर मी तेच मनात घोळवत राहिले. उपकार होते, ते मी नाकारत नव्हते. पण उपकारात माझं तिकीट बसत नव्हतं. शेवटी सुट्टीच्या दिवशी मी तोझाई लाईनची गाडी पकडली आणि एकटी इचिकावाला गेले. मी कुणाकडे काही मागायला एकटी गेलेली आयुष्यात ही पहिली वेळ. सरांनी दार उघडलं आणि त्यांचं तोंड उजळलं. "या, या! चहा टाकतो. आलं आहे." मी बूट काढले नाहीत. दाराच्या आतच उभी राहिले.

"सर, माझे पैसे मला परत हवेत. मी होसोकावा-सानसाठी दिले होते. दुसऱ्या कशासाठी मला विचारलं असतं, तर कदाचित दिलेही असते. पण तुम्ही विचारलं नाही."

मला वाटलं रागावतील, एखादी म्हण तोंडावर फेकतील. पण ते म्हणाले, "मंडळ देणार नाही. मी देईन. एकदम जमणार नाही."

"थोडे थोडे द्या," मी म्हणाले आणि निघाले. स्टेशनपर्यंत मला पायाखालचा रस्ता दिसत नव्हता.

सर बोलल्याप्रमाणे वागले, हे लिहायला हवं. पेन्शन आली की पाकिटात घालून घेऊन यायचे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, इमारतीला लिफ्ट नाही. जिन्यात त्यांचा श्वास ऐकू यायचा आणि मी बेल वाजायच्या आधीच कडी काढून उभी राहायचे. पाणी द्यायचे. चहा विचारायचे नाही. ते दारात उभ्या उभ्या संघाची बातमी सांगायचे. संघ घसरला नाही. पुढच्या हंगामात जिंकायलाही लागला. सर ते मला सांगताना नजर चुकवायचे, आणि मी "बरं" म्हणायचे. सोनल पहिले काही महिने बाकावर बसली, मग तिनं खेळणंच सोडलं. होसोकावा-सान नदीकाठच्या मैदानावर लहान मुलींना शिकवते, मासळीचं काम करून. सोनल कधी कधी तिच्याबरोबर जाते. परत येते तेव्हा तिच्या जॅकेटला तो वास असतो, आणि मी ते उगाच दोनदा धुते.

कधी वाटायचं, म्हणावं एकदा, "सर, आत या." ते पाणी पिऊन पेला दोन्ही हातांनी परत करायचे, जसा देवाचा प्रसाद. घरातून भाजलेल्या मिरचीचा वास जायचा. त्यांचं नाक हलायचं, आणि ते गंभीर होऊन जिन्याकडे बघायचे. माझ्या जिभेवर शब्द यायचा. मग मला त्या दोन रविवारांच्या भाकरी आठवायच्या, आणि शब्द परत जायचा.

गेल्या महिन्यात ते आले तेव्हा हातात पाकीट जरा जाड होतं. "भावाकडे पुण्याला चाललो," ते म्हणाले. "इचिकावाचं घर सोडलं. अनामत रकमेतलं राहिलेलं मिळालं. हे सगळे. आता काही बाकी नाही." मग म्हणाले, "मोजून घ्या."

आपल्यात ओळखीच्या माणसासमोर पैसे मोजत नाहीत. इतके दिवस मीही कधी मोजले नव्हते, पाकीट तसंच तांदळाच्या डब्यामागे ठेवायचे. त्या दिवशी मी पाकीट उघडलं आणि त्यांच्यासमोर, दारात उभी राहून, नोटा एकेक करून मोजल्या. कोऱ्या नोटा होत्या, बोटाला चिकटत होत्या, म्हणून वेळ लागला. सर सरळ उभे राहिले. त्यांनी घाई केली नाही.

"बरोबर आहेत, सर," मी म्हणाले.

आमच्या लोकांना ते नेहमी हात जोडून नमस्कार करायचे. त्या दिवशी त्यांनी कानटोपी काढली आणि कमरेतून वाकले, जपानी माणसाला वाकतात तसे, बराच वेळ. मग मीही वाकले. वर बघितलं तेव्हा ते जिना उतरू लागले होते, कठड्याला धरून, एकेक पायरी. दार लावलं आणि पाकीट हातात धरून तिथेच उभी राहिले. आईकडे जायच्या तिकिटाचे पैसे सगळे परत आले होते.